कणीक, विस्तव आणि चाळ

लेखमाला : चौकटीतली माणसं
भाग ११ : वादक आणि वाद्य

मृदंग वाजवायला बसण्याआधी वादक कणीक मळतो. तिचा गोळा धूमेच्या पुडीवर मधोमध थापतो, कडा बोटांनी दाबून बसवतो, एक थाप मारून कान देतो. आवाज पोकळ वाटला तर आणखी चिमूटभर लावतो, जड वाटला तर थोडी काढतो. मग शाईच्या बाजूला वळतो, हातोडीने गठ्ठे ठोकत सूर मिळवतो. कीर्तन संपलं की ती कणीक खरवडून पुडी स्वच्छ पुसतो, कारण वाळलेली कणीक कातड्याला सोसत नाही. मृदंग गवसणीत जातो, गवसणीची नाडी आवळली जाते आणि मगच वादक चहाला उठतो.

या सगळ्या वेळात मंडपातले कॅमेरे बंद असतात. बुवा उभे राहिले, टाळकऱ्यांनी ठेका धरला, मृदंगाचार्यांची मान डोलू लागली की ते सुरू होतात. मग एकाच छापाची चित्रं मिळतात : मिटलेले डोळे, उडालेले केस, हवेत उचललेला हात. चित्रं वाईट नसतात. पण त्यांत दिसतो तो गाण्यात रमलेला माणूस. त्याचं वाद्याशी काय आहे, ते त्यात क्वचितच सापडतं.

याचं कारण साधं आहे. वाजवताना वादकाचं चित्त तालाकडे, बुवांकडे, समोरच्या माणसांकडे असतं. हात आपोआप चालतात. वाद्याकडे तो निरखून पाहतो ते जुळवताना, पुसताना, बांधताना आणि दुरुस्त करताना. म्हणून आजच्या भागाचं सांगणं एवढंच की हे नातं टिपायचं असेल तर कॅमेरा तासभर आधी पिशवीतून काढावा आणि तासभर उशिरा आत ठेवावा.

गेल्या आठवड्यात आपण कारागिरांचे हात पाहिले. हत्यार आणि हात यांत जे घडतं तेच वाद्य आणि हात यांत घडतं, फक्त इथे मधे सूर येतो आणि सूर छायाचित्रात उतरत नाही. तो गेल्यावर जे उरतं त्यातून तो सुचवायचा असतो. या अभ्यासासाठी मी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा टापू निवडला आहे. लेण्याद्रीच्या गिरिजात्मजापुढे भजन होतं. ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे, आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची. त्यामुळे सप्ताह, काकडा, मृदंग आणि वीणा इथे घरच्या आहेत. आणि पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव तर तमाशाची पंढरी. भक्तीचं वाद्य आणि पोटाचं वाद्य एवढ्या जवळजवळ दुसरीकडे सहज पाहायला मिळत नाही.

आधी उजेड

लेण्याद्रीच्या तीनेकशे पायऱ्या चढून गेलात की सातव्या लेण्यात गणपती आहे. मुळात हा बौद्ध भिक्षूंचा विहार. समोर खांबांची ओसरी, आत एकही खांब नसलेलं प्रशस्त दालन आणि तिन्ही भिंतींत मिळून वीस खोल्या. शेजारचं सहावं लेणं चैत्यगृह आहे. जुन्नरच्या परिसरातली ही लेणी साधारण इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातली. छायाचित्रकाराच्या कामाची गोष्ट म्हणजे या लेण्यांचं तोंड दक्षिणेला आहे.

दक्षिणेचं तोंड म्हणजे काय, ते वर्षभरात दोनदा जाऊन पाहावं. माघातल्या गणेश जयंतीला सूर्य अजून दक्षिणेकडे असतो. सकाळी आणि दुपार उतरल्यावर ऊन तिरपं होऊन ओसरीत शिरतं, जमिनीवर पट्टे पडतात. भाद्रपदात सूर्य जवळजवळ डोक्यावरून जातो, त्यात आभाळ भरलेलं. मग थेट ऊन आत येत नाही. येतो तो समोरच्या मोकळ्या आकाशाचा मऊ, एका दिशेने येणारा, सावल्यांच्या कडा पुसट ठेवणारा उजेड. स्टुडिओत लोक हजारो रुपयांची सॉफ्टबॉक्स लावून जे मिळवतात ते इथे कातळाने फुकट दिलं आहे.

वाद्यांसाठी हा उजेड फार मोलाचा, कारण वाद्याचा पृष्ठभाग एकजात नसतो. मृदंगाची शाई काळी आणि खरखरीत, ती उजेड पिऊन टाकते. भोवतीचं कातडं फिकट, चिवट, सुरकुत्यांचं. खोडाला तेलाच्या हातांनी आलेली झिलई. टाळांचं पितळ तर आरशासारखं चमकतं. समोरून फ्लॅश मारलात की शाई नुसता काळा डाग होते आणि टाळ पांढरे ठिपके. उजेड बाजूने घेतलात तर कातड्याचा पोत उठतो, शाईवर बोटांनी पाडलेली झीज दिसते. त्या झिजेवरून जाणकार माणूस सांगू शकतो की वादक कुठल्या बोलांवर जास्त रेंगाळतो. असं एक चित्र दहा मिटलेल्या डोळ्यांपेक्षा जास्त बोलतं.

दोन व्यवहाराच्या सूचना. आतून बाहेर तोंड करून चित्र घेतलंत तर बाहेरचं आकाश आतल्यापेक्षा कितीतरी पट उजळ असतं आणि कॅमेरा त्याला भुलून माणसाला काळोखात ढकलतो. तेव्हा ओसरीचा कठडा पाठीशी घ्या, वादकाला उजेडाकडे तिरपा बसू द्या आणि मोजमाप चेहऱ्याच्या कातडीवरून करा. दुसरं म्हणजे ही जागा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि अशा स्मारकात तिपाई लावायला परवानगी लागते. शिवाय ते नांदतं देऊळ आहे. भजन चालू असताना आपण तिथे आधी भाविक, मग छायाचित्रकार.

माणूस आणि वाद्य एका चौकटीत धरण्याची हौस कॅमेऱ्याहून फार जुनी आहे. याच पुणे जिल्ह्यात, मावळातल्या भाजे लेण्यांत एक स्त्री तालवाद्यांची जोडी वाजवते आहे आणि शेजारी दुसरी नाचते आहे, असं शिल्प आहे. तबल्याचा इतिहास सांगताना पुष्कळ जण त्याकडे बोट दाखवतात. त्या वादात न पडता नुसतं शिल्प पाहा. कारागिराने वादिकेला वाद्याकडे किंचित झुकलेली दाखवली आहे, हात कातड्यावर आहेत आणि नाचणारीला मोकळी जागा दिली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने ताल ऐकवला नाही, पण तो कुठून निघतो आणि कुठे पोचतो हे एका चौकटीत सांगितलं.

वाद्य सांगेल तिथे उभं राहा

कुठून टिपायचं हे छायाचित्रकाराने ठरवण्याआधी वाद्याने ठरवलेलं असतं. पेटी वादकाच्या छातीपर्यंतचा भाग झाकते. श्रोत्यांच्या बाजूने भाता हलवणारा डावा हात दिसतो, पट्ट्यांवरची उजव्या हाताची बोटं पलीकडे दडतात. पेटीवाल्याचं बोलणं मात्र त्या बोटांत असतं, म्हणून जरा मागे आणि बाजूला जा. मृदंगाला दोन तोंडं, दोन टोकांना. समोरून दोन्ही हात येतात पण पुड्या नीट दिसत नाहीत. शाईच्या बाजूने पाहिलं तर बोटांची नक्षी मिळते, धूमेच्या बाजूने पंजाची थाप. तंबोरा उभा, माणसाच्या डोक्यावर जाणारा, त्यामुळे चौकटही उभी हवी. बहुतेक वादक बैठकीत असतात, तेव्हा उभ्याने टिपलेलं चित्र त्यांना टाळूवरून दाखवतं. गुडघे टेकायची तयारी हवी.

वाद्य चौकटीत किती जागा घेईल याचा सगळ्यात धाडसी नमुना परदेशातला आहे. १९४६ साली अमेरिकन छायाचित्रकार आर्नल्ड न्यूमन याने संगीतकार इगोर स्ट्राविन्स्की याचं व्यक्तिचित्र घेतलं. ग्रँड पियानोचं उघडं काळं झाकण चित्राचा बहुतेक भाग व्यापतं आणि संगीतकार खालच्या कोपऱ्यात, डोकं हातावर टेकून, लहानसा. मूळ चौकट न्यूमनने निर्दयपणे कापली तेव्हा हा आकार हाती आला. ज्या मासिकासाठी ते काम होतं त्याने चित्र नाकारलं. पुढे तेच विसाव्या शतकातल्या गाजलेल्या व्यक्तिचित्रांपैकी एक ठरलं. वाद्य मोठं आणि माणूस लहान असला तरी चित्र त्या माणसाचंच राहिलं.

आपल्याकडे पुण्याचे प्रकाशचित्रकार सतीश पाकणीकर यांनी वर्षानुवर्षं शास्त्रीय संगीतातले कलावंत टिपले. त्यांचा सवाई गंधर्व महोत्सवाशी दीर्घ संबंध. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेल्या या महोत्सवात गायकामागे दोन तंबोरे आणि ते धरून बसलेले शिष्य ही ठरलेली रचना. बहुतेक कॅमेरे गायकावर रोखलेले असतात. पण त्या मागच्या शिष्याकडे पाहा. तो गात नाही, क्वचित एखादा सूर भरतो, दोन-अडीच तास चार तारा छेडत राहतो. गायकाचा षड्ज ढळू न देण्याची जबाबदारी त्याच्या बोटांवर असते. कान लाकडाजवळ, नजर गुरूच्या पाठीवर. रघू राय यांच्या २०१० च्या 'इंडियाज ग्रेट मास्टर्स' या छायाचित्रग्रंथातही थोर कलावंत मंचाबाहेर, घरात आणि रियाजात भेटतात. मोठी माणसं टिपणाऱ्यांनाही शेवटी मंच अपुरा पडला, हे लक्षात घ्यावं.

नारायणगाव : विस्तवाजवळ

आता रस्ता उतरून नारायणगावला येऊ. गुढीपाडव्याच्या सुमाराला इथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या जत्रा कमिट्यांची माणसं येतात, फडमालकाशी बोलणी होतात, सुपारी ठरते. चैत्र-वैशाखातल्या जत्रांचं सगळं गणित त्या काही दिवसांत जुळतं. २०२० साली पाडवा २५ मार्चला आला आणि देशभरची टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. त्या हंगामात ढोलक्या गवसणीतच राहिल्या.

हे तमासगीर भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचं गाव, तमाशा कलावंत विठाबाईंचं गाव. १९३५ साली जन्मलेल्या आणि २००२ साली निवर्तलेल्या विठाबाईंना १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. आज राज्य शासनाचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो.

ढोलकी-फडाच्या तमाशात वादक उभा असतो. ढोलकी शेल्याने कमरेला आवळलेली, शाईची बाजू उजव्या हाताला. ती त्याच्या अंगाचाच भाग होते. तो वाकला की ती वाकते, नाचणारणीच्या पुढ्यात तो सरकला की ती सरकते. पाठीशी तुणतुणेवाला आणि झीलकरी, बाजूला हलगीवाला. खेळाच्या सुरुवातीला ढोलकी आणि हलगी एकमेकींना ललकारतात, मग गण, गवळण, बतावणी. संगीत बारीचा बाज निराळा. तिथे बैठक असते, पेटी-तबला असतो, अंतर हातभराचं असतं. म्हणून बारीत चेहरा आणि बोटं टिपावीत, फडात अख्खं शरीर.

पण पुन्हा तेच सांगतो, आधी मागे जा. कनातीच्या पलीकडे हलगीवाला विस्तव पेटवून बसलेला असतो. चिपाडं, कागद, मिळेल ते जाळतो. हलगीचं कातडं जाळाच्या वर धरून फिरवतो, टिचकी मारून ऐकतो, पुन्हा फिरवतो. हवेतला दमटपणा कातड्यात शिरून ते सैल पडतं आणि सैल हलगी भद्द बोलते. उष्णतेने ओल उडते, कातडं ताणतं, आवाज खणखणीत होतो. जास्त तापलं तर ते तडकतं, म्हणजे रात्रीची कमाई गेली. किती वेळ धरायचं हे घड्याळ सांगत नाही. तळहाताला लागणारी धग आणि कानाला येणारा टणत्कार, एवढंच मोजमाप. वादकाचं आणि वाद्याचं नातं इतकं उघडं दुसरीकडे सापडणार नाही, आणि उजेडही तिथेच आहे : खालून येणारा, तांबूस, हलता. फ्लॅश बंद ठेवा. शटर तिसाव्या किंवा पंधराव्या हिश्श्यावर आणा, जाळ वाहू द्या, चेहरा स्थिर मिळेपर्यंत थांबा.

संदेश भंडारे यांच्या 'तमाशा : एक रांगडी गंमत' या छायाचित्रांच्या पुस्तकात फडाची मंचावरची आणि मंचामागची अशी दोन्ही आयुष्यं येतात. एका रात्रीत जाऊन आणलेल्या चित्रांपेक्षा ती वेगळी पडतात, कारण मागच्या बाजूला बसायची मुभा विकत मिळत नाही. ती ओळखीने आणि वेळ देऊन मिळते. पहिल्या दिवशी कॅमेरा न काढणं हाही कामाचाच भाग.

नातं म्हणजे प्रेमच, असं नाही

इथे जरा थांबायला हवं. 'कलावंताचं वाद्यावरचं प्रेम' हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी बसला आहे. हलगीपुढे तो अडखळतो. गावगाड्यात हलगी कुणी वाजवायची हे जातीने ठरवलेलं होतं. लग्न, वरात, देवाची पालखी, मर्तिक, दवंडी, सगळीकडे ती लागायची आणि वाजवणारा मात्र देवळाच्या पायरीपाशी थांबायचा. तिचं कातडं कमावणं हेही जातीनेच ठरलेलं. म्हणून आंबेडकरी चळवळीत अनेक गावांतल्या महार समाजाने गावकीची कामं टाकली तेव्हा वाजवणंही टाकलं. हात थांबवणं हीच त्या वेळची मोठी कृती होती. दुसऱ्या बाजूने त्याच चळवळीत जलसे उभे राहिले आणि वाद्यांनी प्रबोधनाचं काम पत्करलं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४० च्या दशकात तमाशाचा सांगाडा घेऊन कामगारांपुढे लोकनाट्य मांडलं. अण्णाभाऊंनी गणातलं देवाचं नमन काढून मातृभूमीला आणि श्रमिकांना वंदन केलं. वाद्यं तीच होती, वाजवण्याचं कारण पालटलं.

म्हणजे एकाच हलगीशी एका घराचं नातं सक्तीचं, दुसऱ्याचं पोटाचं, तिसऱ्याचं बंडाचं असू शकतं. आज जो तरुण हलगी-पथकात हौसेने वाजवतो त्याचं चौथंच काही. हसरा चेहरा आणि छातीशी धरलेली हलगी असं चित्र मांडून आपण ही सगळी गुंतागुंत पुसत तर नाही ना, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा. उत्तर चित्रातून देता येतं. वादकाच्या हातावरचे चटके दाखवा. वाद्य ठेवायची जागा दाखवा : ते घरात आहे की पडवीत, देवाजवळ टांगलंय की गोठ्यात. त्याच्या मुलाला वाजवायला शिकवलंय का, हे विचारा. नकार आला तर तो नकारही नात्याची खबर असतो.

चाळ हेही वाद्यच

तमाशातलं एक वाद्य छायाचित्रकार नेहमी दागिना समजतात. ते म्हणजे चाळ. पितळी घुंगरांच्या रांगा ओवलेले हे चाळ काही किलोंचे भरतात. बांधण्याआधी पायाला कापड गुंडाळायचं, मग फेऱ्यावर फेरे, गाठ अशी की रात्रभर सुटू नये आणि रक्तही अडू नये. बांधण्याआधी त्यांना कपाळ लावायची रीत आहे. ढोलकीच्या प्रत्येक तोड्याला नाचणारणीच्या पायाने उत्तर द्यायचं असतं. त्या अर्थी ती वादकच आहे आणि तिचं वाद्य तिच्या पोटऱ्यांवर चढलेलं असतं.

मंचावरच्या चित्रात चाळ बहुधा चौकटीबाहेर राहतात किंवा जरीच्या काठाखाली झाकले जातात. ते जमिनीलगत कॅमेरा ठेवूनच मिळतात. त्याहून बोलकी वेळ पहाटेची. वग संपलेला, चाळ सोडलेले, पायांवर फेऱ्यांचे वळ. हे चित्र परवानगीशिवाय घ्यायचं नाही. तमाशातल्या स्त्रीकडे रोखलेल्या नजरांचा इतिहास काही चांगला नाही आणि कॅमेराही एक नजरच आहे. बाई म्हणाल्या, "आता नको," तर झाकण लावायचं, समजूत घालत बसायचं नाही. उद्या त्या स्वतःच बोलावतील किंवा बोलावणारही नाहीत.

शटर, दिवे आणि आवाज

आता यंत्राबद्दल, थोडक्यात. ढोलकीची बोटं गोठवायची असतील तर शटर पाचशेव्या हिश्श्याच्या पुढे न्यावं लागतं. पण गोठलेल्या बोटांत ताल उरत नाही, ती कातड्यावर नुसती ठेवल्यासारखी दिसतात. साठाव्या हिश्श्याच्या आसपास मनगट स्पष्ट येतं आणि बोटांच्या टोकांना धूसरपणा येतो. मला हा मधला मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो. त्यासाठी वादकाचं डोकं ज्या क्षणी थांबतं तो ओळखावा. समेवर ते बहुतेक वेळा थांबतं. म्हणजे छायाचित्रकाराला मात्रा मोजता आल्या पाहिजेत. तीनताल, केरवा, धुमाळी एवढे जरी ओळखता आले तरी चुकणारी चित्रं निम्म्याने कमी होतील.

जत्रेतल्या मंचावर आता स्वस्त एलईडी दिवे आले. आपल्या विजेच्या पन्नास आवर्तनांमुळे असे पुष्कळ दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं आणि चित्रावर आडवे पट्टे उमटतात. पन्नासावा किंवा शंभरावा हिस्सा ठेवला तर पट्टे बहुधा जातात. लाल-निळे दिवे चेहऱ्याचा रंग खाऊन टाकतात, अशा वेळी कृष्णधवल हा शहाणपणाचा पर्याय.

मैफलीत आणि भजनात सगळ्यात मोठा अपराध आवाजाचा. आलापीच्या शांततेत शटरची खटखट म्हणजे जेवताना दाताखाली आलेला खडा. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत शटर पूर्ण मुकं करता येतं, ती सोय वापरा. मात्र मुकं शटर इलेक्ट्रॉनिक असतं आणि एलईडीच्या उजेडात तेच सगळ्यात जास्त पट्टे उमटवतं. तिथे आलापीत थांबा, टाळ्यांच्या गजरात साधं शटर दाबा.

जे बदलतंय तेही टिपा

वाद्यांचं अंगच पालटतं आहे. हलगीला फायबरची पुडी आली, तिला विस्तव लागत नाही. ढोलकीला नट-बोल्ट आले, पान्याने पिळलं की सूर चढतो, दोरी-कड्या ओढायला नकोत. तंबोऱ्याच्या जागी खोका आला, मग फोनमधलं ॲप. वादकांच्या दृष्टीने यात सोय आहे, विशेषतः भीमाशंकरच्या बाजूला जिथे पावसाळ्यात कातडं चार महिने ओल धरतं. गळा काढत बसू नका. पान्याने ढोलकी पिळणारा पोरगाही वाद्याशीच बोलतोय. आधीच्या पिढीचा विस्तव आणि त्याचा पाना यांची दोन चित्रं शेजारी ठेवली तर पन्नास वर्षांचा इतिहास एका पानावर येतो.

वाद्य बनवणाऱ्यापर्यंतही जाता येईल. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. घोडीवर तार टेकते ती जागा कानशीने घासत जवारी काढणारा कारागीर आणि नंतर तारेखाली सुताचा धागा सरकवत ती जागा शोधणारा गायक, या दोघांची बोटं एकाच ठिकाणी काम करतात. उलट टोकाचा अनुभव हवा असेल तर पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांच्या दालनात जा. काचेमागे अप्रतिम वाद्यं आहेत, वाजवणारा नाही. कुठे झीज आहे, कुठे हात लागून रंग उडालाय, ते पाहत उभे राहा. वादक नसतानाही तो वाद्यावर किती उरतो, याचा तो उत्तम वर्ग आहे.

चित्राखाली काय लिहायचं

शेवटी मथळ्याचं. शास्त्रीय कलावंताच्या चित्राखाली नाव, घराणं, मैफलीचं स्थळ, वर्ष असतं. ढोलकीवाल्याच्या चित्राखाली 'लोककलावंत' असं लिहून आपण मोकळे होतो. गाजलेल्या नर्तकीच्या चित्रात तिच्यामागे दिसणाऱ्या ढोलकीवाल्याचं नाव बहुधा कुठे सापडत नाही. ही चूक आपल्या पिढीने तरी करू नये. प्रत्येक चित्रासोबत वहीत एवढं टिपा : वादकाने सांगितलेलं आणि त्याला चालेल असं नाव, वाद्य, ते त्याचं आहे की फडाचं, कुणी बनवलं, शेवटचं कातडं कधी बदललं. आणि छापील प्रत नेऊन द्या. फोनवर पाठवलेलं चित्र सरकून जातं. कागदावरचं भिंतीवर लागतं आणि पुढच्या वेळी दार लवकर उघडतं.

या आठवड्याचा सराव

आपल्या गावातला एक वादक निवडा. भजनी मंडळातला पेटीवाला चालेल, बँडमधला क्लॅरिनेटवाला चालेल, शेजारची सतार शिकणारी मुलगीही चालेल. तो वाजवत असतानाचं एकही चित्र घ्यायचं नाही, ही अट. फक्त सहा चित्रं : वाद्य जिथे राहतं ती जागा, गवसणीतून बाहेर येताना, सूर जुळवताना, वाद्यावरची झीज, हातावरची झीज आणि वाद्य परत ठेवताना. ही सहा पाहून ज्याने ते वाद्य कधी ऐकलं नाही त्याला ते ऐकावंसं वाटलं तर काम जमलं. नाही वाटलं तर लेन्स बदलू नका, त्याच माणसाकडे पुन्हा जा.

पुढच्या भागात : जत्रेतले फोटो स्टुडिओ, रंगवलेले पडदे आणि त्यांच्यापुढे उभी राहिलेली कुटुंबं.